पिल्लाची सावली

डॅरिल: परत एकदा सांग.

कोरली: तिसरी खेप आहे ही, डॅरिल. तारा होता, तारा राहिला. विझला नाही.

डॅरिल: जरासुद्धा नाही? डोळा मिचकावल्यासारखा?

कोरली: डोळा मीही मिचकावला नाही आणि त्यानेही नाही. लॅपटॉप तुझ्यासमोर आहे. बघत बस आणि अंडी गार करून घे.

डॅरिल: बघितलं. एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. रेघ मारल्यासारखा सरळ उजेड आहे.

कोरली: मग?

डॅरिल: मग काही नाही. वाटलं, पुन्हा बघितलं तर कुणालातरी दया येईल. तू खात का नाहीस? या पेट्रोल पंपावर बेकन तेवढं धड मिळतं.

कोरली: चहा पुरे. हाडं गोठलीत माझी. सत्तरी ओलांडलेल्या बाईने मेंढ्यांच्या रानात खुर्ची टाकून पहाट करायची नसते, हे मला कुणीतरी लग्नाआधी सांगायला हवं होतं.

डॅरिल: लग्नाआधी तू सत्तरीची नव्हतीस.

कोरली: क्लेमशी लग्न केलं की बाई लगेच होते. आणि त्या रानाचा मालक भेटला तिन्हीसांजेला फाटकावर. म्हणाला, बाई, माझ्या रानात काय करताय? म्हटलं, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या गर्दीत एक दगड फिरतोय. तो आज एका ताऱ्यापुढून जाणार. गेला की तारा काही क्षण विझणार, आणि त्या दगडाची सावली इथल्या रानांवरून पळत जाणार.

डॅरिल: मग काय म्हणाला?

कोरली: म्हणाला, मेंढ्या बिचकतील का?

डॅरिल: खरा मेंढपाळ. पिल्लाचं सांगितलंस त्याला?

कोरली: सांगितलं. म्हटलं, त्या दगडाभोवती एक छोटा चंद्र फिरतो असं माझा नवरा म्हणतो. दगडाची सावली तिकडे दक्षिणेला माझ्या मित्राच्या डोक्यावरून जाईल आणि चंद्राची इथे माझ्या डोक्यावरून. तर म्हणाला, नवरा कुठाय? म्हटलं, घरी, अंथरुणात. म्हणाला, हुशार आहे.

डॅरिल: मला दगड झकास दिसला. फुंकर मारल्यासारखा तारा गेला आणि तेवढ्याच झटक्यात परत आला. इतकी वर्षं बघतोय, तरी दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटतं.

कोरली: तुला दिसतोच. तू मधल्या ठाण्यावर बसतोस.

डॅरिल: टोमणा मारतेस?

कोरली: नाही रे. आहे ते सांगते. सावलीच्या पट्ट्यात मधोमध तू किंवा क्लेम, आणि मी कडेला. सावली कुठे संपते ते कळायला कुणीतरी कडेला बसावंच लागतं. तुम्ही त्या ठाण्यांच्या रांगेला कुंपण म्हणता ना? त्या कुंपणाचा शेवटचा खांब मी. माझ्यासमोर कधी काही घडलेलं नाही. आयुष्यभर मी न विझलेले तारे बघितले.

डॅरिल: आणि तुझ्या 'दिसलं नाही'वर आम्ही दगडांचे आकार पक्के केले. कोरली नोस्के नाही म्हणाली म्हणजे नाही. तिकडे परदेशातसुद्धा कुणी शंका काढत नाही.

कोरली: म्हणूनच तर पंचाईत झालीय.

डॅरिल: नोएलीनकडे ढग. अ‍ॅडलेडहून आलेल्या त्या जोडप्याचं रेकॉर्डिंग ऐन वेळी बंद पडलं. पिल्लाच्या पट्ट्यात तीन ठाणी मांडली होती आपण, आणि स्वच्छ आभाळ नेमकं तुला एकटीला मिळालं. देवही ना, कधीकधी मुद्दाम करतो.

कोरली: देवाला दुसरी कामं आहेत.

डॅरिल: पण क्लेमला कुणी सांगितलं होतं आधीच सगळ्यांना लिहून कळवायला? 'माझ्या पट्ट्यात कुणी नीट बघितलं आणि तारा विझला नाही, तर मी माझा दावा मागे घेईन.' असं कोण लिहितं?

कोरली: क्लेम लिहितो. जन्मभर रेल्वेचे सिग्नल सांभाळले त्याने. लाल म्हणजे लाल, त्यात गुलाबी नाही. शिवाय ते मोठ्या दुर्बिणीवाले म्हणतच होते की चंद्रबिंद्र काही नाही, दगडच वेडावाकडा आहे, फिरताना कधी पाठ दाखवतो, कधी कोपर दाखवतो, म्हणून उजेड कमीजास्त होतो.

डॅरिल: आणि क्लेम म्हणाला, उजेड दोन तालांत उतरतो. एक ताल दगडाचा, दुसरा पिल्लाचा.

कोरली: किती हिवाळे बसला तो त्या मागच्या शेडमध्ये, त्या एका ठिपक्यासाठी. मी जेवणाचं ताट तिथेच नेऊन द्यायचे. ताट घेताना म्हणायचा, आज पिल्लू आईच्या मागे लपलं होतं, कोरली. जसं काही आमच्या खुराड्यातलंच सांगतोय. पोटात किडन्या सुकत चालल्या होत्या त्याच्या, त्याचा पत्ता नाही, आणि पिल्लू कुठे लपलं ते ठाऊक.

डॅरिल: एक बोलू? रागावू नकोस.

कोरली: रागवायलाही अंगात जीव लागतो. बोल.

डॅरिल: तू चुकीच्या ताऱ्यावर होतीस.

कोरली: काय म्हणालास?

डॅरिल: म्हणजे नव्हतीस. मला माहितीय नव्हतीस. पण असू शकली असतीस. आपल्या ताऱ्याला लागून तेवढाच उजळ दुसरा आहे. अंधार, थंडीने वळलेली बोटं, वर दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मी चुकलोय. नोएलीन चुकलीय. चुकीचा तारा धरून रात्रभर त्याच्याकडे भक्तिभावाने बघत बसला नाही, असा एक माणूस दाखव आपल्यात.

कोरली: समोर बसलाय.

डॅरिल: बरं, तू सोडून. पण तू एवढंच म्हणायचंस, की मी शेजारचा धरला. तुझं ठाणं बाद. मग पिल्लाच्या पट्ट्यात कुणीच नीट बघितलेलं नाही. दावा मागे घ्यायचा प्रश्नच मिटला. पिल्लू आहे तिथे आहे, पुढच्या सावलीपर्यंत.

कोरली: आणि हे रेकॉर्डिंग? त्यात आजूबाजूचे तारे दिसतायत. कुणीही ओळखेल कुठला धरलाय.

डॅरिल: सगळ्यांची रेकॉर्डिंग गोळा कोण करतं? मी. बाद ठाण्याचं कोण मागायला येतंय?

कोरली: म्हणजे तू ते दडपणार.

डॅरिल: दडपणार कसलं. पांघरूण घालणार. थोडे दिवस.

कोरली: नाही.

डॅरिल: एवढ्या पटकन नाही?

कोरली: ऐक. क्लेमच्या नावावर बरंच काही आहे. तुझ्याही नावावर होईल. माझ्या नावावर काय आहे? 'दिसलं नाही.' एवढंच. पण त्या 'दिसलं नाही'ला आजपर्यंत कुणी बोट लावलेलं नाही. आईला पुरलं त्या आठवड्यातसुद्धा मी जाऊन बसले होते. नीट बघितलं आणि जे होतं ते कळवलं. आता या वयात सांगत फिरू, की मला तारा ओळखता आला नाही?

डॅरिल: नवऱ्यासाठी.

कोरली: नवऱ्यासाठीच इतकी वर्षं कडेला बसले ना? आणखी किती सरकू? पलीकडे दरी आहे.

डॅरिल: बरं बाई. मग सांग त्याला खरं. वाटेल चार दिवस वाईट, मग सावरेल. त्याचा जीव काही त्या दगडावर नाही.

कोरली: आहे.

डॅरिल: काय आहे?

कोरली: त्याचा जीव. त्या दगडावर. तुला सांगायचं नव्हतं मला.

डॅरिल: कोरली?

कोरली: तो डायलिसिस बंद करणार आहे.

डॅरिल: कधी ठरलं हे?

कोरली: गेल्या महिन्यात बोलला. पोर्ट ऑगस्टाहून परत येत होतो, मशीनवरून उठवून आणलं होतं त्याला. म्हणाला, एवढी एक सावली जाऊ दे. पिल्लू दिसलं तर दिसलं, नसेल तर नसेल. एकदा त्याचा निकाल लागला, की मी परत त्या खुर्चीत बसणार नाही.

डॅरिल: तू काय म्हणालीस?

कोरली: म्हटलं, थांब जरा, पुढे कांगारू आहे.

डॅरिल: एवढंच?

कोरली: होता खरंच. रस्त्याच्या मधोमध. तो गेला तोवर बोलणंही गेलं. नंतर दोघांनीही परत काढलं नाही.

डॅरिल: मशीन बंद केलं की किती दिवस राहतो माणूस?

कोरली: आठवडा. फार तर दोन. डॉक्टरीण म्हणाली, फार दुखत नाही, झोप वाढत जाते.

डॅरिल: च्यायला. आणि तू इथे बसून माझ्याशी इज्जतीच्या गप्पा मारतेस? मग तर तुला बोललंच पाहिजे. चुकीचा तारा होता, विषय संपला. निकाल लागला नाही तर तो पुढच्या सावलीपर्यंत थांबेल.

कोरली: तुला काय वाटतं, सावली गेल्यापासून मी दुसऱ्या कशाचा विचार करत होते? तुझ्या आधी माझ्याच मनात आलं ते. त्या खुर्चीतून उठायच्या आधी.

डॅरिल: मग अडतंय कुठे?

कोरली: अडतंय इथे, की तो शहाणा माणूस आहे आणि त्याने पूर्ण शुद्धीत ठरवलंय. आठवड्यातून तीन दिवस त्या मशीनला बांधलेला असतो. घरी आणला की पिळलेल्या फडक्यासारखा पडून राहतो. उरलेले दिवस पुढच्या खेपेच्या धास्तीत जातात. पाणी जपून प्यायचं, केळं नाही, बटाटा नाही, मीठ नाही. अशा माणसाला फसवून आणखी जगवायचं? कशासाठी? मला एकटीला घर खायला उठेल म्हणून?

डॅरिल: तेही कारणच आहे. लाजायचं काय त्यात.

कोरली: दुसरं कारणही आहे, ते ऐक. मी दमलेय, डॅरिल. पहाटे त्याला उठवायचं, इतक्या लांब न्यायचं, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत जुनी मासिकं वाचत बसायचं, परत आणायचं, कांगारू सांभाळत. तो म्हणाला ना, की बंद करतो, तेव्हा सगळ्यात आधी मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता झोपायला मिळेल. नवरा मरतो म्हणतोय आणि बायकोला झोप सुचतेय.

डॅरिल: अगं, कुणालाही वाटेल तसं.

कोरली: समजूत काढू नकोस, नुसतं ऐक. मी खरं सांगणार आहे, ते खरं आहे म्हणून सांगणार आहे, की त्यानंतर झोपायला मिळेल म्हणून, ते मला कळत नाही. खोटं बोलले तर ते त्याच्यासाठी असेल की माझ्यासाठी, तेही कळत नाही. मग जेवढं कळतं तेवढं करते. तारा विझला नाही. एवढं मला पक्कं कळतं.

डॅरिल: मी त्याला फोन करतो.

कोरली: तू काही करायचं नाहीस. मी घरी जाईन, त्याच्यासमोर बसेन आणि सांगेन.

डॅरिल: फोन मांडीवर घेऊन बसला असेल तो.

कोरली: बसू दे.

डॅरिल: आणि तू आत्ता गाडी चालवणार? या अवस्थेत? समोरचा चहाचा कप दोनदा हुकला तुझा. जा, पिकअपमध्ये तासभर पड. मी आहे इथे, उठवतो तुला.

कोरली: थोडाच वेळ. आणि डॅरिल, फोन करायचा नाही.

डॅरिल: तू झोप जा.

कोरली: मी काहीतरी बोलले.

डॅरिल: ऐकलं मी. झोप जा.

(त्याच दिवशी दुपारी. ओरोरू गावाबाहेर कोरली आणि क्लेमचं घर, स्वयंपाकघर.)

क्लेम: आलीस? बूट बाहेर झटक, अर्धं रान घेऊन आलीयस. किटली आत्ताच उकळली. आणि बसायच्या आधीच सांगून टाकतो, मी रागावलेलो नाही.

कोरली: कशाबद्दल?

क्लेम: बस तर खरी. सकाळी थोडा वेळ वाटलं वाईट, खोटं कशाला बोलू. पण मग म्हटलं, एवढ्या वर्षांत एकदा. माणूस आहे.

कोरली: क्लेम, तू कशाबद्दल बोलतोयस?

क्लेम: डॅरिलचा फोन आला होता. बिचारा तुझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता. म्हणाला, तिला तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय, म्हणून मीच सांगतो. शेजारचा तारा धरलास म्हणे.

कोरली: असं म्हणाला तो.

क्लेम: डावीकडचा. निघताना मी म्हटलं होतं ना, तो डावीकडचा लबाड आहे, फसवेल?

कोरली: म्हटला होतास. दारात एकदा आणि गाडीच्या खिडकीशी एकदा.

क्लेम: पण चूक माझीही आहे, बरं का. तुझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि दुसरा राहिला तो राहिलाच. मला पोर्ट ऑगस्टाला न्यायच्या धावपळीत तुझी तारीख हुकली. डॅरिललाही तेच म्हटलं, दोष तिचा नाही, तिच्या डोळ्याचा आहे.

कोरली: माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही.

क्लेम: माझे वडीलही हेच म्हणायचे. ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या कुंपणात घातला त्या दिवशीसुद्धा म्हणाले.

कोरली: तू जरा थांबशील? मला काहीतरी सांगायचंय.

क्लेम: माफी मागणार असशील तर नको. तुझ्या तोंडी ती शोभत नाही, आणि मला ऐकायची सवय नाही.

कोरली: माफी नाही मागत.

क्लेम: मग आधी माझं ऐक, नाहीतर विसरून जाईन. मी आपल्या मंडळातल्या सगळ्यांना कळवून टाकलं.

कोरली: काय कळवलंस?

क्लेम: कोरलीचं ठाणं धरू नका, तारा चुकला. सबब पिल्लाच्या पट्ट्यात कुणाचंच निरीक्षण नाही, सबब निकाल नाही, सबब माझा दावा कायम. नोएलीनचं उत्तरही आलं लगेच. म्हणते, भल्याभल्यांचं होतं असं, कोरलीला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस.

कोरली: नोएलीन म्हणते.

क्लेम: प्रेमाने लिहिलंय गं.

कोरली: जिने एकदा रात्रभर पाण्याच्या टाकीवरच्या दिव्याचं निरीक्षण केलं, ती नोएलीन.

क्लेम: तीच. म्हणून तर तिला तुझं दुःख कळलं.

कोरली: मला न विचारता कळवलंस तू.

क्लेम: तू रस्त्यात होतीस. विचारायला हवं होतं का?

कोरली: हो. विचारायला हवं होतंस.

क्लेम: चिडलीस.

कोरली: दमलेय. दमले की माझं तोंड असं होतं, एवढ्या वर्षांत तुला कळायला हवं.

क्लेम: सूप पी मग. भोपळ्याचं केलंय.

कोरली: तुला भोपळा कुठे चालतो?

क्लेम: तुझ्यासाठी केलंय. बसून चिरला, उभं राहून ढवळलं, मध्ये दोनदा खुर्ची गाठली. बरं वाटत होतं सकाळपासून. काल मशीनवर होतो असं वाटतच नाही. आता बोलू? पुढची सावली सापडली.

कोरली: कुठली पुढची?

क्लेम: आपल्याच दगडाची. आणि तारा याच्याहून उजळ, जवळपास दुसरा कुणी नाही. तुझा डोळा बरा नसला तरी चुकणार नाही. क्वीन्सलँडमध्ये, माउंट आयझाच्या वरून जाते. भर हिवाळ्यात, तेव्हा तिकडे ढगाचा ठिपका नसतो. आणि पिल्लू त्या दिवशी आईपासून पार लांब गेलेलं असणार. दुपारपर्यंत तेच मांडत बसलो होतो.

कोरली: कधी आहे?

क्लेम: तेवढी एक अडचण आहे. तीन वर्षांनी.

कोरली: तीन वर्षं.

क्लेम: म्हणून मी फोन केला.

कोरली: कुणाला?

क्लेम: तिथल्या इस्पितळात. विचारलं, मशीन आहे का, बाहेरगावचा माणूस आला तर लावून देतात का. देतात म्हणे. आधी कळवायचं फक्त. मी म्हटलं, पोरी, मी तीन वर्षं आधी कळवतोय, चालेल का? हसली. नाव लिहून घेतलं का नाही कोण जाणे.

कोरली: तू फोन केलास.

क्लेम: मागे गाडीत मी ते बोललो होतो ना, मशीन बंद करण्याचं. ते सध्या राहू दे. निकाल लागल्याशिवाय उठून जाणं बरं दिसत नाही. माणसाने गाडी यायच्या आधी सिग्नल सोडून जाऊ नये. मला ती खुर्ची आवडते असं नाही, कोरली. आवडत नाही. अजिबात नाही. पण सकाळी डॅरिलचा फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून शीळ घालतोय. काय झालं? सूप पोळलं?

कोरली: नाही.

क्लेम: डोळ्यांत पाणी आलं तुझ्या.

कोरली: धूळ आहे रस्त्याची.

क्लेम: हं. तुला काहीतरी सांगायचं होतं मघाशी.

कोरली: मीठ कमी आहे.

क्लेम: मीठ या घरात असतंच कुठे? माझ्यामुळे तुलाही अळणी. ते सांगायचं होतं?

कोरली: तेवढंच.

क्लेम: त्या खेपेला मधल्या ठाण्यावर तू बस. दगडाची सावली तू घे. कडेला मी बसतो.

कोरली: तुला कडेला बसता येणार नाही. तिथे काही न दिसता गप्प बसावं लागतं.

क्लेम: शिकेन. वेळ आहे. ब्लिनमनच्या वर आपण गेलो होतो, आठवतं? धुळीचं वादळ आलं. मी गुंडाळलं, डॅरिलने गुंडाळलं. तू एकटी ताडपत्री पांघरून बसून राहिलीस. ऐन क्षणी धुळीला भोक पडलं आणि तू तेवढ्यात तारा धरलास. नकाशा कधीच उडून गेला होता.

कोरली: त्याला झाली वर्षं.

क्लेम: डोळे हेच होते.

कोरली: हेच होते, पण तरुण होते.

क्लेम: कालच्या त्या डावीकडच्या ताऱ्याखाली तीन बारक्या ताऱ्यांची तिरकी रांग आहे. उजवीकडच्याखाली काहीच नाही. फटकन कळतं.

कोरली: सूप निवतंय, क्लेम.

क्लेम: सूप तू पितेयस.

कोरली: मग मला पिऊ दे.

क्लेम: पी. कोरली?

कोरली: काय?

क्लेम: एक विचारू?

कोरली: नको.

क्लेम: विचारलं तर खरं सांगशील?

कोरली: सांगेन. म्हणूनच म्हणते, नको विचारूस.

क्लेम: बरं.

कोरली: खरंच नको.

क्लेम: नाही विचारत. पण तीन वर्षं म्हणजे फार होतात. मला आता गाडी चालवू देत नाहीत. सगळं तुझ्याच अंगावर येणार.

कोरली: येऊ दे.

क्लेम: दमशील.

कोरली: दमलेलीच आहे. दमलेलं माणूस आणखी काय दमणार.

क्लेम: आणि तिकडे सगळे म्हणत राहणार, कोरली नोस्केला आता तारा ओळखता येत नाही.

कोरली: म्हणू देत. नोएलीनला तेवढंच बरं वाटेल.

क्लेम: मला नाही वाटत बरं. तुझ्याबद्दल असं कुणी म्हटलेलं.

कोरली: सवय होईल तुला. कधी खरं तोंडून निघायला लागलं तर थांबव मला. एरवी हे असंच राहू दे.

क्लेम: आणि मी नको म्हटलं तर? मी म्हटलं, की कोरली, पुरे झालं?

कोरली: तर मी आत्ता बोलेन, जे सांगायला आले होते ते. तुझ्यावर आहे.

क्लेम: थोडा विचार करू दे.

कोरली: कर. मी भांडं घासते तोवर.

क्लेम: उद्या पोर्ट ऑगस्टाला किती वाजता निघायचं?

कोरली: नेहमीच्याच वेळेला. मी उठवते तुला.